रंगावरचा पापुद्रा

मोटारगाडीचा रंग हा तत्त्वचिंतनाचा विषय होऊ शकतो, असे आम्हांला काही वर्षांपूर्वी कोणी सांगितले असते, तर आम्ही हसलो असतो. रंग हा रंगाऱ्याचा विषय. फार तर खिशाचा. परंतु २०२० सालच्या जानेवारीत आमच्या वसईच्या अंगणात, आंब्याच्या झाडाखाली, जे चार दिवस गेले आणि पुढे तीन वर्षांनी त्या चार दिवसांचा जो हिशेब आम्हांला द्यावा लागला, त्यामुळे या विषयाने आमच्या मनात घर केले आहे. वाचकांपुढे तो मांडावा की नाही, याचा आम्ही बरेच दिवस विचार करीत होतो. ज्याने झाकण्याविषयी लिहायचे, त्याने स्वतःचे किती उघडे करायचे, हाही प्रश्न होताच.

गाडी २०१० सालची, चंदेरी रंगाची. खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस यांच्यात आमच्याकडच्या गाड्या लवकर म्हाताऱ्या होतात, हे येथल्या कोणत्याही घरात विचारले तरी सांगतील. चंदेरी रंग हा दुपदरी असतो. खाली ॲल्युमिनियमचे बारीक कण मिसळलेला रंगाचा थर आणि त्यावर एक पारदर्शक लेप. आपण ज्या चकाकीला भुलतो ती या वरच्या लेपाची. उन्हातील अतिनील किरणांनी तो वर्षानुवर्षे ठिसूळ होत जातो आणि मग एखाद्या उन्हाळ्यात, जुन्या भिंतीचा चुना सुटावा तसे त्याचे पापुद्रे सुटू लागतात. छप्पर आणि बॉनेट हे भाग उन्हाला सामोरे, म्हणून आधी तेच जातात. आमच्या गाडीवर त्यात आंब्याच्या चिकाची आणि पाखरांच्या विष्ठेची भर पडली होती. दहा वर्षांत तिचे छप्पर नकाशासारखे दिसू लागले.

अशात आमच्या पुतणीचे लग्न ठरले. नवरीला देवळात आमच्याच गाडीतून न्यायचे, असा आमच्या वडीलबंधूंचा आग्रह. गॅरेजवाल्याने संपूर्ण गाडी रंगवण्याचा जो आकडा सांगितला, त्यात त्या काळी एखादी जुनी स्कूटर आली असती. तेव्हा नवरीचा धाकटा भाऊ, म्हणजे आमचा पुतण्या, पुढे झाला. तो जाहिरातींचे फलक आणि गाड्यांवरचे स्टिकर करणाऱ्या एका दुकानात कामाला आहे. तो म्हणाला, "काका, रंग कशाला काढता? रॅप करू या. घरीच करू, मी आहे ना."

रॅप म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. ज्या पी.व्ही.सी.चे पाण्याचे पाइप होतात, तेच मऊ करून त्याची अतिशय पातळ फिल्म बनवतात. तिला विनाइल म्हणतात. चांगल्या प्रतीची फिल्म द्रवरूपात ओतून वाळवलेली असते. तिची जाडी सुमारे पन्नास मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा विसावा भाग. स्वस्त फिल्म तापलेल्या रुळांतून लाटून काढतात. ती जाड असते आणि तिला आपल्या पूर्वीच्या आकाराची आठवण राहते. वळणावर ताणून बसवली, तरी काही महिन्यांनी ती आक्रसून मागे सरकते. कारागीर याला 'मेमरी' असेच म्हणतात. फिल्मच्या पाठीला दाबल्यावर चिकटणारा गोंद असतो आणि अडकलेली हवा निघून जावी म्हणून त्या गोंदात बारीक चर ठेवलेले असतात. जर्मनीत १९७१ साली टॅक्सींना फिकट हस्तिदंती रंगाची सक्ती झाली. अशी गाडी पुढे विकायची म्हटली की गिऱ्हाईक नाक मुरडणार. तेव्हा तेथले टॅक्सीवाले आपल्या पसंतीच्या रंगाची गाडी घेऊन तिच्यावर हस्तिदंती फिल्म चढवू लागले आणि विकण्याच्या वेळी ती सोलून काढू लागले. तेथे चांगला रंग राखण्यासाठी पापुद्रा होता; आमच्या अंगणात फसलेला रंग दिसू नये म्हणून.

फिल्मही आम्ही चंदेरीच आणवली. गाडीचा रंग बदलला तर प्रादेशिक परिवहन कार्यालयाला कळवून आर.सी. बुकात नोंद करून घ्यावी लागते. ती धावपळ लग्नघाईत नको, एवढाच त्यामागे विचार होता. त्या निवडीत आणखी काही दडले आहे, हे तेव्हा आमच्या ध्यानात आले नाही.

आमची कल्पना अशी होती की, भिंतीचा पोपडा दिसू नये म्हणून तेथे कॅलेंडर टांगावे, तशी ही फिल्म गाडीवर टांगायची. पुतण्याने पहिल्याच सकाळी ती कल्पना धुळीला मिळवली. फिल्म रंग झाकते, आकार झाकत नाही. खाली वाळूचा एक कण राहिला तरी तो वर पुळीसारखा दिसतो. सुटलेल्या पापुद्र्याची कड राहिली, तर ती रेघेसारखी उमटते. आणि जो लेप स्वतःच पत्र्याला धरून नाही, त्याच्यावर चिकटवलेली फिल्म तरी कशाला धरून राहणार? म्हणून आधी गाडी धुतली, सुटे पापुद्रे खरवडले, कडा पॉलिश पेपरने घासून उतरत्या केल्या, खड्ड्यांत पुट्टी भरली, पुन्हा घासले आणि सगळी गाडी स्पिरिटने पुसून काढली. अंगणात पाणी शिंपडून धूळ बसवली, भोवती जुन्या चादरी बांधल्या. "काका, डोळ्यांनी नाही, बोटांनी बघा," असे तो सारखे म्हणे. आम्ही डोळे मिटून दारावरून हात फिरवला आणि खरोखरच, दहा वर्षांत जे दिसले नव्हते ते बोटांना लागू लागले. येथे कोणा सायकलवाल्याचे हँडल घासले होते. येथे दगड उडाला होता. येथे आमच्याच अंगणाच्या खांबाला आम्हीच गाडी घासली होती आणि घरात कोणाला सांगितले नव्हते. दोन दिवस हेच चालले होते. प्रत्यक्ष फिल्म चढवणे त्यामानाने सुखाचे. एकाने ताणून धरायची, दुसऱ्याने मऊ कापड लावलेल्या स्क्वीजीने मधून कडेकडे दाबत जायचे. चंदेरी फिल्मचे कण एकाच दिशेला हवेत, नाहीतर एक दार उजळ आणि दुसरे मळकट दिसते. आरसे आणि बंपर यांची वळणे फार छळतात. तेथे हीट गनने तापवून फिल्म ओढायची आणि बसवल्यावर पुन्हा चांगली तापवायची, म्हणजे तिची ती आठवण मरते.

ज्याला दोष झाकायचा आहे, त्याला तो आधी इतक्या जवळून जाणून घ्यावा लागतो, हे आम्हांला फार नवलाचे वाटले. आयती रंगवून आलेली गाडी आम्ही चावी घेऊन घरी आणली असती. येथे आम्हांला तिची प्रत्येक जखम पाठ झाली. आपल्याला काहीच ठाऊक नव्हते, ही सबब घरी रॅप करणाऱ्याला उरत नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी मागच्या डाव्या चाकाच्या कमानीपाशी बोटांना एक फोड लागला. रुपयाएवढा. पुतण्याने नखाने दाबला तर तो किंचित आत गेला. चाकाच्या कमानीचा गंज बहुधा आतून येतो. चिखल आणि ओल आतल्या बाजूला साचून राहते, पत्रा आतून खाल्ला जातो आणि बाहेर फोड दिसतो तो अगदी शेवटी. दाराखालच्या पट्टीपर्यंत त्याची वाट गेलेली असू शकते. पुतण्या म्हणाला, "काका, हे खरवडून, गंज काढून, प्राइमर मारून वाळू द्यायला पाहिजे. नाहीतर आत वाढत राहील." लग्न तीन दिवसांवर होते. आम्ही म्हणालो, "लग्न होऊ दे, मग बघू." त्याने आमच्याकडे एकदा पाहिले, फोड घासून सपाट केला आणि त्यावरून फिल्म ओढली.

लग्न थाटात झाले. गाडीचे कौतुक नवरीच्या साडीच्या खालोखाल झाले म्हणायला हरकत नाही. मार्चमध्ये टाळेबंदी आली, गाडी पावसाळाभर जागेवरून हलली नाही, आणि आमचे ते 'मग' कुठे तरी राहून गेले. एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे नोंदवतो. पहिले काही महिने त्या कमानीपाशून जाताना आमची नजर तेथे जाई. नंतर जाईनाशी झाली. वर्षभराने कोणी विचारले असते, तर आमची गाडी चांगल्या स्थितीत आहे, असे आम्ही सांगितले असते आणि ते सांगताना आमचा आवाज कापला नसता.

आता मूळ प्रश्न. झाकणे हेच मुळात वाईट आहे काय? तसे म्हणावे तर जगणे कठीण होईल. सणापूर्वी आपण घराला चुना लावतो. पाहुणे यायच्या आधी पलंगाखाली काय काय ढकलले जाते, ते गृहिणींनीच सांगावे. उत्पत्तीच्या पुस्तकात पहिल्या मानवी जोडप्याने अंजिराची पाने शिवली ती भयाने, हे खरे. पण त्याच अध्यायाच्या शेवटी परमेश्वराने त्यांना कातड्याची वस्त्रे करून घातली, ती कशाने? त्यांना उघडेच ठेवणे त्याला काही अवघड नव्हते. नोहाच्या दोन मुलांनी पाठमोरे चालत जाऊन बापाची लाज झाकली, तेव्हा पवित्र शास्त्र त्यांना दोष देत नाही. दुसऱ्या बाजूला, प्रभू येशूने शास्त्री आणि परुशी यांना चुना लावलेल्या कबरींची जी उपमा दिली, तीही आपण विसरू शकत नाही. चुना तोच, घरालाही तोच, कबरीलाही तोच. तेव्हा दोष चुन्याचा नसावा.

इंग्रजीत प्रामाणिक माणसाला जो 'सिन्सिअर' शब्द आहे, त्याची एक गोष्ट प्रवचनांतून आणि भाषणांतून पुष्कळदा सांगितली जाते. प्राचीन काळचे लबाड मूर्तिकार संगमरवरातील भेगा मेणाने भरीत. म्हणून बिनमेणाची मूर्ती, लॅटिनमध्ये 'सिने सेरा', ती सच्ची. गोष्ट गोड आहे, आम्हीही वर्गात सांगितली आहे. परंतु भाषाशास्त्रज्ञ ही व्युत्पत्ती मान्य करीत नाहीत. म्हणजे सच्चेपणाच्या या गोष्टीतच कोणी तरी मेण भरून ठेवले आहे! आम्ही ती सांगत होतो तेव्हा फसवीत होतो काय? तेव्हा ठाऊक नव्हते, म्हणून नाही. आता ठाऊक झाल्यावर तशीच सांगितली, तर होय.

या प्रश्नाचा सर्वांत जुना उलगडा आमच्या वाचनात आला तो सिसेरोचा. इ.स.पूर्व ४४ मध्ये, स्वतःच्या हत्येच्या आदल्या वर्षी, त्याने अथेन्सला शिकत असलेल्या आपल्या मुलासाठी कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात घर विकणाऱ्या एका सज्जनाचे उदाहरण आहे. घर रोगट आहे, झोपायच्या खोल्यांत साप निघतात, लाकूड किडलेले आहे, आणि हे मालकाशिवाय कोणाला ठाऊक नाही. त्याने सांगावे की न सांगावे? डायोजिनीस नावाचा तत्त्वज्ञ म्हणतो, कायदा सांगेल तेवढे सांगावे, बाकी खोटे न बोलता मिळेल तो भाव घ्यावा. मालकाने दवंडीवाला उभा करून आपल्या रोगट घराची जाहिरात करावी, याहून मोठा मूर्खपणा कोणता? त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो, हे वाट चुकलेल्याला वाट न दाखवण्यापेक्षाही वाईट. सिसेरो शिष्याच्या बाजूने कौल देतो, आणि त्याने केलेला भेद आम्हांला फार मोलाचा वाटतो. गप्प राहणे म्हणजे दर वेळी लपवणे नव्हे. ज्याला ते कळण्यात त्याचे हित आहे, त्याला आपल्या फायद्यासाठी अज्ञानात ठेवणे, हे लपवणे.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस याच प्रश्नाकडे वळले, तेव्हा त्यांनी सिसेरो वाचलेला होताच. 'सुम्मा'च्या दुसऱ्या भागाच्या उत्तरार्धात, सत्त्याहत्तराव्या प्रश्नात, विक्रेत्याने मालाचे दोष सांगावेत काय, याची चर्चा आहे. तेथे घोडा येतो. लंगडा घोडा चपळ म्हणून विकणे, पडके घर मजबूत म्हणून विकणे, सडके अन्न चांगले म्हणून विकणे, ही तिन्ही उदाहरणे ते शेजारी शेजारी ठेवतात. दोष गुप्त असेल आणि त्यामुळे घेणाऱ्याचे नुकसान किंवा त्याला धोका होणार असेल, तर तो सांगितलाच पाहिजे. न सांगता केलेली विक्री ही फसवणूक आहे आणि नुकसान भरून देणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. पण घोडा एका डोळ्याने आंधळा असेल, तर ते गिऱ्हाईकाला दिसतेच आहे. विकणाऱ्याने त्या मानाने किंमत उतरवली, तर त्याने तोंडाने सांगण्याची गरज नाही. आमच्या गाडीचे सुटलेले पापुद्रे हा त्या घोड्याचा डोळा होता. तो होता तोपर्यंत आम्ही गप्प राहूनही प्रामाणिक राहू शकलो असतो. त्यावर फिल्म चढवली त्या दिवशी आम्ही उघड दोषाचा गुप्त दोष केला, आणि त्याबरोबर बोलण्याचे एक कर्तव्य अंगावर घेतले. लाल किंवा काळी फिल्म चढवली असती, तर निदान आर.सी. बुकाशी ताडून पाहणाऱ्याला विचारावेसे वाटले असते. चंदेरीवर चंदेरी म्हटल्यावर विचारायला जागाच उरली नाही.

दवंडीचा मुद्दाही संत थॉमस सोडत नाहीत. मालातील दोष चावडीवर ओरडून सांगण्याची सक्ती ते करीत नाहीत, कारण त्याने गिऱ्हाईके पळतील आणि मालाचे जे चांगले गुण आहेत तेही कोणी पाहणार नाही. परंतु जो प्रत्यक्ष घ्यायला येतो, त्याला ते सांगितले पाहिजेत, म्हणजे गुण आणि दोष दोन्ही समोर ठेवून तो आपला निर्णय करील. विद्वानांचे बारकावे कधी कधी निरर्थक वाटतात. हा बारकावा तसा नाही. सगळ्यांना सांगणे आणि ज्याचा हक्क आहे त्याला सांगणे, यांतील अंतर ज्याला कळले नाही, तो एक तर निर्लज्ज होतो किंवा लबाड.

गंमत अशी की हाच घोडा सहाशे वर्षांनी आपल्या देशाच्या कायद्यात पुन्हा उभा राहिला. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे सतरावे कलम कपट कशाला म्हणावे ते सांगते, आणि त्याखाली दिलेल्या दाखल्यांत एक नादुरुस्त घोडा आहे. लिलावात तो विकणारा काहीच बोलला नाही, तर ते कपट नव्हे. येथे कायदा संत थॉमस यांच्यापेक्षा सैल आहे. पण घेणारी व्यक्ती त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर त्या नात्यामुळेच सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते. आणि घेणारा जर म्हणाला की, तुम्ही नाही म्हटले नाहीत तर घोडा धडधाकट आहे असे मी धरून चालेन, आणि विकणारा गप्प राहिला, तर ते गप्प राहणे म्हणजे बोलणेच. त्याच कलमात आणखी एक गोष्ट आहे. ठाऊक असलेली वस्तुस्थिती प्रयत्नपूर्वक दडवणे, हे मौनापेक्षा वेगळे आणि उघड कपट मानलेले आहे. चार दिवस, एक हीट गन आणि दोन माणसे, याला प्रयत्न नाही म्हणायचे तर काय म्हणायचे?

घोडे आणि गाड्या राहू द्या. आमच्या वाड्यांतून सोयरिकी जुळतात तेव्हा काय होते? मुलाला फिट्स येतात, मुलीला एकदा मानसिक आजारासाठी औषधे चालू होती, घरातला कर्ता पुरुष संध्याकाळी शुद्धीत नसतो. हे ओटीवर बसून गावाला सांगावे, असे कोणी म्हणणार नाही. म्हणूही नये. रुग्णाचे दुखणे ही काही दवंडी पिटण्याची वस्तू नव्हे, आणि ते दुखणे म्हणजे त्या माणसाचा दोष, असे समजणे तर निव्वळ अडाणीपणा. परंतु जी मुलगी उद्या त्या घरात नांदायला येणार, तिच्यापासूनही ते दडवले जाते, आणि "लग्न होऊ दे, मग बघू" हेच शब्द तेथेही उच्चारले जातात. आम्ही स्वतः अशा एका बोलणीला बसलो आहोत आणि गप्प राहिलो आहोत. ती हकिकत येथे सांगण्याचा आम्हांला अधिकार नाही, कारण ती आमची एकट्याची नाही.

गाडीची मात्र सांगता येते. २०२३ च्या पावसाळ्यानंतर आम्ही ती विकायचे ठरवले. छपरावरची फिल्म उन्हाने कडेला कडक होऊ लागली होती, बाकी सारे चकचकीत होते. आमचा एक जुना विद्यार्थी बातमी ऐकून आला. त्याच्या आईला आठवड्यातून तीन वेळा डायलिसिसला न्यावे लागते आणि रिक्षाचे भाडे परवडेनासे झाले होते. गाडी त्याने फिरून पाहिली, चालवून पाहिली. आम्ही म्हणालो, "अरे, वर फिल्म आहे हं, मूळ रंग नाही." तो हसून म्हणाला, "मग तर बरेच झाले, सर, आतला रंग जपला गेला असेल." आम्ही त्यावर काही बोललो नाही. किंमत ठरली. निघताना तो म्हणाला, "सर, मी मेकॅनिक आणत नाही. काही खोट असती तर तुम्ही सांगितलीच असती."

तो फाटकाबाहेर गेला तरी आम्ही ओटीवर उभेच होतो. खोटे आम्ही एक अक्षर बोललो नव्हतो. फिल्मविषयी तर आपणहून सांगितले होते, आणि खरी अडचण तीच होती. अर्धे खरे सांगितल्याने त्याचा विश्वास दुप्पट झाला होता. काहीच न सांगता आम्ही जेवढे झाकले असते, त्याहून जास्त त्या एका वाक्याने झाकले गेले. रात्री जेवताना पत्नीला सारे सांगितले. ती इतकेच म्हणाली, "त्याची आई मागच्या सीटवर डाव्या बाजूलाच बसेल ना?"

सकाळी त्याला फोन करून बोलावले. पुतण्यालाही बोलावले. त्याने हीट गनने कमानीवरची फिल्म तापवली आणि कोपरा धरून हळूहळू सोलायला सुरुवात केली. फिल्मच्या पाठीला चिकटून रंग आला, रंगाला चिकटून प्राइमर आला, आणि मग तांबूस भुगा पुतण्याच्या चपलांवर पडला. रुपयाएवढा फोड तळहाताएवढा झाला होता. दाराखालच्या पट्टीवर त्याने पेचकसाचे टोक टेकवले तर ते सहज आत गेले. कोणी काही बोलले नाही. आमच्या विद्यार्थ्याने वाकून त्या भोकात बोट घातले, फिरवले, आणि बोटाकडे पाहिले.

"हे तुम्हांला ठाऊक होते, सर?"

"होते," आम्ही म्हणालो. "लग्नाच्या आधीपासून."

तो थोडा वेळ गाडीभोवती फिरला. मग त्याने पुतण्याला विचारले की पत्रा कापून नवा तुकडा वेल्ड करायला किती लागतील. दोघे गॅरेजला जाऊन आले. वेल्डिंग, प्राइमर, पट्टी असा सारा हिशेब त्याने कागदावर मांडला आणि ठरलेल्या किमतीतून वजा केला. आम्ही आणखी थोडे कमी घे म्हणालो, तर त्याने मान हलवली. पैसे मोजून दिल्यावर कोपऱ्यात ठेवलेल्या उरलेल्या चंदेरी फिल्मच्या गुंडाळीकडे बोट दाखवून तो म्हणाला, "ती देता का? वेल्डिंग झाल्यावर त्या तुकड्यावर लावून घेईन."

पुतण्याने आमच्याकडे पाहिले. आम्ही गुंडाळी उचलून त्याच्या हातात दिली.